राफेलच्या पंखाखाली टाक्या, स्टेल्थ विमानाचं मात्र सगळं पोटात! असं का?

नागपूर : मिहानमध्ये दसॉ-रिलायन्सच्या कारखान्याची पायाभरणी ऑक्टोबर 2017 मध्ये झाली आणि राफेलचं नाव जिल्ह्यात सगळ्यांच्या तोंडी आलं. तिथे राफेल बनत नाही, फाल्कन या छोट्या प्रवासी विमानाचे भाग बनतात. पण दसॉ ही राफेलवाली कंपनी, म्हणून चर्चा त्याचीच.

राफेलचा फोटो मोबाईलवर मोठा करून पाहा. पंखाखाली, पोटाखाली लांबुळक्या टाक्या लटकलेल्या दिसतील. अनेकांना ते बॉम्ब वाटतात, पण त्या इंधनाच्या टाक्या आहेत. मोठ्या टाकीत 2000 लिटर मावतं. ट्रॅक्टरची टाकी 60 लिटरची धरली, तर एका टाकीत तीसहून जास्त ट्रॅक्टर फुल्ल होतील.

अडचण आली तर पायलट या टाक्या हवेतच सोडून देतो. 27 जून 2019 ला अंबाल्यात जग्वार विमानाला पक्षी धडकले, एक इंजिन गेलं. पायलटने टाक्या आणि सरावाचे बॉम्ब खाली टाकले, वजन कमी केलं आणि विमान सुखरूप उतरवलं. (अशी वस्तू शेतात सापडली तर हात लावू नका, तेल उरलेलं असू शकतं. 112 ला फोन करा.)

मग अमेरिकेच्या एफ-35 सारख्या स्टेल्थ विमानाला अशा टाक्या का लावत नाहीत? कारण रडार.

रात्री रस्त्यावर ट्रॉलीमागचा लाल रिफ्लेक्टर कसा चमकतो? त्यात बारीक बारीक काटकोनी कोपरे असतात. गाडीचा उजेड कोपऱ्यात शिरतो आणि आला तिकडेच परत जातो. रडारच्या लहरींचंही तसंच. पंख, त्याखालची टाकी धरणारी पट्टी आणि टाकी, यांच्यामध्ये असाच कोपरा तयार होतो. म्हणजे कोट्यवधी खर्चून विमान लपवायचं आणि त्यालाच रिफ्लेक्टर लावायचा! टाकी सोडून दिली तरी पट्टी मागे राहिली की काम बिघडतंच. म्हणून इंधन विमानाच्या आत, बॉम्ब-क्षेपणास्त्रं पोटातल्या कप्प्यात. सोडायच्या वेळी काही क्षण दार उघडतं, की लगेच बंद.

पण पोटात जागा ती किती? एफ-35 मध्ये प्रकारानुसार आत सुमारे सहा ते नऊ टन इंधन मावतं, तरीही ते कमी पडू शकतं. 14 जून 2025 ला ब्रिटनचं एफ-35 तिरुवनंतपुरमला उतरलं, ते खराब हवामान आणि संपत आलेल्या इंधनामुळेच. पुढे बिघाड निघाला आणि ते 22 जुलैपर्यंत तिथेच अडकलं. त्यावरचे मीम्स सगळ्यांनी पाहिले असतील.

हवेतच इंधन भरून घेता येतं. आपल्या वायुसेनेकडे त्यासाठी इल्युशिन-78 विमानं आहेत. मात्र इंधन देणारं विमान भलंमोठं, रडारवर ठळक दिसणारं. त्याला शत्रूपासून लांबच थांबावं लागतं. तिथून पुढे लढाऊ विमानाला पोटातल्या तेलावरच जाऊन परत यायचं असतं.

आपलं स्वदेशी स्टेल्थ विमान ‘अॅम्का’ याच हिशोबाने आखलं जातंय. मार्च 2024 मध्ये केंद्राने त्याला मंजुरी दिली, खर्च सुमारे 15 हजार कोटी. जाहीर आराखड्यानुसार साडेसहा टन इंधन आत आणि दीड टन शस्त्रं पोटात राहतील. पंखाखाली लटकवायचीही सोय ठेवली आहे. पहिल्या दिवसांत शत्रूची रडारं शाबूत असताना पोटातलं तेवढंच घेऊन लपत जायचं. रडारं मोडली, की लपायची गरज उरत नाही. मग पंखाखालीही भरून न्यायचं.