गाव उठले, जमिनीचे पुढे काय?
मेळघाटातील पुनर्वसित गावांच्या जागी कुरण उभे राहण्यापूर्वी कराव्या लागणाऱ्या तपासणीविषयी

जुने शहर (अकोला) - मोर्णाकाठच्या जुन्या शहरात एखादा वाडा पडला आणि जागा ओस राहिली, की पहिल्याच पावसाळ्यात तेथे तरोटा आणि गाजरगवत माजते. जमीन मोकळी सोडली म्हणजे ती आपोआप सुधारते, असे नाही. मेळघाटातील उठलेल्या गावांच्या जागीही हाच अनुभव येतो. फरक एवढाच, की तेथे प्रश्न एका वाड्याचा नसून वाघाच्या अधिवासाचा आणि तो मोकळा करून देणाऱ्या कोरकू व गवळी कुटुंबांचा आहे.

मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. २००७ मध्ये त्याचे सुमारे १५०० चौरस किलोमीटर क्षेत्र अतिसंरक्षित म्हणून अधिसूचित झाले. बोरी, कोहा व कुंड ही गावे त्यापूर्वीच, या शतकाच्या प्रारंभी अकोट परिसरात आणण्यात आली होती. पुढे वैराट, चुर्णी, पस्तलाई, तसेच अकोट बाजूची अमोना, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी ही गावे उठली. मागे राहिली ती गावठाणे, शेते आणि पिढ्यान्‌पिढ्या गुरे चरलेली गायराने.

तपासणी कशाची?

अशा जमिनीचे मूल्यमापन मातीपासून सुरू होते. सातपुड्यातील ही माती काळ्या पाषाणावरची. उतारावर पातळ व मुरमाड, सखल भागात खोल व काळी. नांगरलेल्या उतारावरील माती वाहून गेली असेल, तर आधी बांधबंदिस्ती करावी लागते. गोठ्यांच्या जागी वर्षानुवर्षे शेण साचल्याने जमीन खतावलेली असते. अशा जागी तरोटा, रानतुळस, घाणेरी ही तणे गवताच्या आधी जोर धरतात. चितळ, सांबर, गवा यांना या तणांचा चारा म्हणून फारसा उपयोग नाही. तृणभक्षी प्राणी आले नाहीत, तर वाघही तेथे थांबत नाही.

म्हणून कोणते गवत किती आहे, याची मोजणी महत्त्वाची ठरते. मारवेल, पवन्या, शेडा ही प्राण्यांना आवडणारी गवते. कुसळी कोवळी असेतोवरच खाल्ली जाते. ठराविक अंतरावर चौकोन आखून त्यातील गवते आणि तणे दरवर्षी नोंदविली, तरच जमीन कोणत्या दिशेने चालली आहे हे कळते. तण बी धरण्यापूर्वी मुळासकट उपटावे लागते. एक हंगाम चुकला, की मागील वर्षाचे श्रम वाया जातात.

त्यानंतर पाणी. गावातील विहीर उन्हाळ्यात वन्यप्राण्यांना उपयोगी पडू शकते. मात्र कठडा नसेल तर तीच सापळा होते. पडक्या भिंती, तारा, पत्रे हटवावे लागतात. मोहाची व आंब्याची जुनी झाडे मात्र राखावीत.

सर्वत्र रोपवन करणे हाही उपाय नव्हे. नामशेष झाला असे मानला गेलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा आढळला. मेळघाट हे त्याचे महत्त्वाचे आश्रयस्थान असून, त्याला विरळ सागवानी जंगल आणि मोकळ्या जागा मानवतात. सरसकट झाडे लावली, तर गव्याचे कुरण जाईल आणि या घुबडाची शिकारीची जागाही.

कायदा काय सांगतो?

खरे तर पहिली तपासणी गाव उठण्यापूर्वीच व्हावयास हवी. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २००६ च्या दुरुस्तीनुसार आधी वनहक्कांची निश्चिती झाली पाहिजे. लोकांच्या वास्तव्याने वाघाचे व त्याच्या अधिवासाचे न भरून येणारे नुकसान होते आणि सहजीवनाचा अन्य मार्ग नाही, हेही सिद्ध व्हावे लागते. त्यानंतर ग्रामसभेची समजून-उमजून दिलेली संमती आणि नव्या जागी सोयी, या अटी येतात. त्याच वर्षीच्या वनहक्क कायद्याने आणखी एक बंधन घातले. संकटग्रस्त वन्यजीव अधिवास म्हणून मोकळी झालेली जमीन पुढे अन्य कामासाठी देता येत नाही.

या अटी कागदावर राहिल्या तर काय होते, याची चुणूक जानेवारी २०१९ मध्ये अकोट तालुक्याने पाहिली. पुनर्वसनाबाबत असमाधानी असलेली काही कुटुंबे जंगलातील मूळ जागी परतली. त्यांचा वन व पोलिस कर्मचाऱ्यांशी संघर्ष झाला आणि दोन्ही बाजूंचे लोक जखमी झाले. जी जमीन वन विभागाच्या नोंदीत कुरण होती, ती या लोकांच्या मनात अजूनही गावच होती.

त्यामुळे केवळ माती, गवत व पाणी यांचा हिशेब अपुरा ठरतो. कोणत्या नाल्याला मे महिन्यात पाणी असते, कोणत्या टेकडीवर कोणते गवत चांगले येते, हे तेथे गुरे राखणाऱ्यांइतके कोणास ठाऊक? गावठाणात मुठवा देवाचे ठाणे आणि पूर्वजांच्या स्मरणार्थ रोवलेले लाकडी मुंडे असतात; त्यांचीही नोंद नकाशावर हवी. गवत मोजण्याच्या आणि तण काढण्याच्या कामावर पहिला हक्क याच माणसांचा असावा.

उठलेल्या गावाच्या जागी गवा चरताना दिसला, की प्रयोग यशस्वी झाला असे समजले जाते. ते अर्धेच उत्तर आहे. गव्याला जंगलात जसे कुरण मिळाले, तसे त्याच्यासाठी जागा सोडणाऱ्या कुटुंबाला अकोटच्या सपाटीवर घर, शेत आणि पाणी मिळाले का, हे तपासल्यावाचून हे मूल्यमापन पूर्ण होत नाही.