बायकोने काढायला लावलेली ओळ

टी. एस. एलियटच्या ‘द वेस्ट लँड’ (1922) या दीर्घकवितेच्या दुसऱ्या भागाचं नाव ‘अ गेम ऑफ चेस’. नाव मिडलटनच्या जुन्या नाटकावरून आलेलं. तिथे बुद्धिबळाचा डाव रंगतो आणि आड फसवणूक चालते. एलियटच्या खोलीत बाई प्रश्नांमागून प्रश्न विचारते. तिचं बोलणं अवतरणचिन्हांत आहे, पुरुषाची उत्तरं मात्र चिन्हांशिवाय. म्हणजे तो बोलतच नाही, मनात पुटपुटतो. संशयाचं इतकं नेमकं चित्र नुसत्या विरामचिन्हांतून क्वचितच कुणी उभं केलं असेल. पुढे पबमधल्या गप्पांत लष्करातून परतणाऱ्या नवऱ्याची धास्ती आहेच: बायको नीटनेटकी राहिली नाही, तर तो दुसरी बघेल!

एलियट आणि व्हिव्हियन हेग-वूड यांनी जून 1915मध्ये, जेमतेम काही महिन्यांच्या ओळखीवर लग्न केलं. 1933मध्ये ते वेगळे झाले. 1938पासून 1947मधल्या मृत्यूपर्यंत ती मनोरुग्णालयातच होती. म्हणून कवितेतली बाई म्हणजे व्हिव्हियनच, असं सर्रास म्हटलं जातं. हे जरा घाईचं वाटतं. कारण 1971मध्ये छापल्या गेलेल्या हस्तलिखितावर, याच भागाशेजारी, तिने मनापासून दाद दिलेली दिसते. पबच्या प्रसंगातली एक ओळ तर तिनेच सुचवलेली. दोघांमधल्या बुद्धिबळाच्या सोंगट्यांविषयीची एक ओळ मात्र तिने काढायला लावली. लंडन लायब्ररीच्या मदतीसाठी 1960मध्ये स्वहस्ते प्रत लिहिताना एलियटने ती परत घातली.