हाडांना भार कळतो

हाडें म्हणजे देहरूपी घराचे निर्जीव वासे, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु भार वाढला म्हणून लांकडी वासा कांहीं आपण होऊन जाड होत नाहीं. हाड होतें, आणि भार नाहींसा झाला कीं तें झिजूंहि लागतें.

झुरिचचे शारीरशास्त्रज्ञ हेर्मान फॉन मायर यांनीं मांडीच्या हाडाचे छेद दाखविले, तेव्हां त्यांतील नाजूक जाळी भार वाहून नेणाऱ्या रेषांवरच रचलेली आहे, हें कार्ल कुलमान या इंजिनिअरानें ओळखलें. मायर यांचा लेख १८६७ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें १८९२ सालीं बर्लिनचे शस्त्रवैद्य यूलियस वोल्फ यांनीं, भार बदलला तर हाडाची घडणहि बदलते, हा सिद्धांत ग्रंथरूपानें मांडला.

पण हाडाला भार कळतो कसा? हाडाच्या आंत सूक्ष्म पोकळ्यांतून असंख्य पेशी वसत असतात व केसाहून बारीक अशा नळ्यांनीं त्या एकमेकींशीं जोडलेल्या असतात. आपण पाऊल टाकलें कीं हाड किंचित् वांकतें, नळ्यांतील द्रव हालतो आणि ती हालचाल पेशींना जाणवते. भार पडेनासा झाला, तर याच पेशी स्क्लेरोस्टिन नांवाचें द्रव्य अधिक सोडतात व त्यानें नवें हाड बांधण्याचें काम मंदावतें.

दातांची कथाहि अशीच आहे. दात जबड्यांत चिकटविलेला नसून सुमारें ०.२ मिलिमीटर जाडीच्या तंतुमय पडद्यानें खोबणींत टांगलेला असतो. भातांतील बारीकसा खडा तत्काळ कळतो, तो मुख्यतः या पडद्यांतील ज्ञानतंतूंमुळें. वांकड्या दातांस तार बसविली, म्हणजे दाबाच्या बाजूचें हाड विरघळतें, ताणाच्या बाजूस नवें भरतें आणि दात हळूहळू सरकतो. दात काढून टाकला तर तेथील हाडाचें कामच संपतें व जबड्याचा तो भाग खचत जातो.

अंतराळांत वजन जाणवत नाहीं. तेथें राहिलेल्या वीरांच्या कमरेच्या हाडाचें द्रव्य पूर्वीच्या मोहिमांत महिन्यागणिक एक ते दीड टक्का घटलेलें आढळलें. अन्न उत्तम होतें. उणीव होती ती भाराची.

आमच्या एकत्र कुटुंबांनीं हें विशेष लक्षांत घ्यावें. सासूबाई थकल्या, कीं मायेपोटीं त्यांच्या हातचें सारें काम काढून घेतलें जातें, आणि पाट-पाण्यापासून पलंगापर्यंत सर्व जागेवर मिळूं लागतें. ही सेवाच त्यांच्या हाडांना घातक ठरते. दूध, नाचणी व ऊन हीं हवींतच; परंतु झेपेल तितकें चालणें, खुर्चीवरून स्वतः उठणें, हाताशीं आधार ठेवून जिना चढणें यांवांचून त्यांचा पुरता उपयोग होत नाहीं. हाड मोडलें असल्यास वैद्यांच्या सल्ल्यानेंच वागावें; मात्र “पुन्हां उभें केव्हां करावयाचें?” हा प्रश्न पहिल्याच भेटींत विचारावा.