कोयता लागण्याआधी

बिबट्याबद्दल गावाला सावध करायचं ठरलं की पहिली सूचना फ्लेक्सची येते. चौकात मोठा फलक, उद्घाटनाला पाहुणे, चहा-नाश्ता, वर्तमानपत्रात फोटो. पैसे तिथंच संपतात. आमच्या अवसरी बुद्रुकला उसाचे फड वस्तीला खेटून आहेत. इथं नुसत्या फलकानं कुणाचं लेकरू सुरक्षित होत नाही. मी निवृत्त शिक्षिका. असं काम हाती घेणाऱ्यांना मी एकच सांगते: आधी तारखा मांडा, मग पैसे.

तारखा मांडायच्या त्या उलट्या. कारखान्यांचं गाळप साधारण नोव्हेंबरात सुरू होतं. उभ्या उसात बिबट्याला आडोसा मिळतो, मादी तिथंच पिल्लं घालते. तोड लागली की आडोसा घटतो आणि जनावर माणसांसमोर येतं. म्हणजे गावाच्या कानावर गोष्ट ऑक्टोबर संपायच्या आत पडली पाहिजे. तिथून मागे या. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत उजळणी. गणपतीत मंडळांच्या आरतीला गर्दी आयतीच जमते, तिथं माहिती. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत खर्चाला मंजुरी. आणि जुलैत वनरक्षकांसोबत बसून मजकूर पक्का.

या जुलैच्या बैठकीत घाई करू नये. ‘पकडा आणि लांब सोडा’ ही मागणी प्रत्येक गावात होते, तिचं उत्तर आपल्याकडे तयार हवं. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं की बिबटे पकडून दुसरीकडे सोडणं मोठ्या प्रमाणावर सुरू झाल्यावर जुन्नर भागात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते ते 17 वर गेले. हा आकडा शांतपणे समजावून सांगितला तर लोक ऐकतात.

एवढं करूनही सर्वांत जास्त धोक्यातली माणसं सुटतात. ऊसतोडीच्या टोळ्या बीड-अहिल्यानगरकडून येतात त्या दिवाळीनंतर. आपली ग्रामसभा आणि गणपती तोवर होऊन गेलेले असतात. एका मुकादमांना मी कार्यक्रमाची वेळ विचारली. ते म्हणाले, “बाई, पहाटं कोयता हातात घेतला की अंधार पडंस्तोवर कुणी मोकळं नसतं. चुली पेटल्यावर या.” तेव्हापासून आम्ही टोळीच्या कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवर, संध्याकाळीच जातो. बायका भाकरी थापत असतात, पोरं भोवती बसलेली. एका पोराला उकिडवं बसवायचं, दुसऱ्याला ताठ उभं करायचं आणि विचारायचं, यातलं शेळीएवढं कोण दिसतं? वाकलेल्या, बसलेल्या माणसाला धोका जास्त का, हे त्यांना लगेच उमगतं. मग पिल्लांचं सांगायचं: सापडली तर हात लावू नका, तोड थांबवा, वनखात्याच्या 1926 क्रमांकावर फोन करा. वनखात्याची माणसं पिल्लं त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात आणि बहुतेकदा रात्री मादी येऊन घेऊन जाते.

आता पैसे. शंभर रुपये असतील तर फलक-पत्रकांना वीसच्या वर देऊ नका. निम्मी रक्कम कोप्या आणि मळ्यांवरच्या फेऱ्यांसाठी ठेवा: गाडीचं पेट्रोल, स्पीकरचं भाडं, सोबत येणाऱ्या पोरांचा चहा. फेरी एकदा करून भागत नाही, कारण फड संपला की टोळी दुसऱ्या शिवारात हलते. दहा रुपये हंगामानंतरच्या पाहणीला. उरलेल्या वीस रुपयांना अघटित घडेपर्यंत हात लावू नका. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूरच्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत जीव गेले, लोक संतापून रस्त्यावर उतरले. अशा दिवसांत मोबाइलवर कुठले कुठले व्हिडिओ आपल्या गावाच्या नावानं फिरतात. तेव्हा रिक्षा फिरवून खरी माहिती तासाभरात सांगता आली पाहिजे. त्या वेळी वर्गणी मागत बसता येत नाही.

एप्रिलात टोळ्या परतायच्या आधी पुन्हा कोप्यांवर जा. पोरांना विचारा, पिल्लू दिसलं तर काय करायचं, फोन कुठं करायचा? जी उत्तरं मिळतील ती खर्चाच्या हिशेबासोबत 1 मेच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. पुढच्या वर्षीचं अंदाजपत्रक त्यावरूनच करा.