ठिण्ठाकरालाचा डाव : मौन, संकेत आणि दैवी प्रतिपक्ष

धूर्त मनुष्य अमानवी शक्तीशी पैज लावतो आणि तिला नियमाच्या कचाट्यात पकडतो, हे कथाबीज अनेक देशांच्या लोकसाहित्यात आढळते. भारतीय परंपरेतील त्याचे एक लक्षणीय रूप सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त आहे. 11व्या शतकात काश्मीरच्या राणी सूर्यमतीसाठी रचलेल्या या ग्रंथाच्या 18व्या आणि अखेरच्या ‘विषमशील’ लंबकात उज्जयिनीच्या ठिण्ठाकराल या जुगाऱ्याची कथा येते.

ठिण्ठाकराल नित्य हरतो. जिंकलेले जुगारी त्याला रोज शंभर कवड्या देतात. त्यांतून तो कणीक विकत घेतो, स्मशानातील चितेच्या विस्तवावर रोट्या भाजतो, महाकालापुढील दिव्यातील स्नेह त्यांना लावून खातो आणि देवळाच्या आवारातच निजतो. एका रात्री तो तेथील मातृकांच्या मूर्तींना द्यूताचे आव्हान देतो. मूर्ती गप्प राहतात. जुगाऱ्यांचा संकेत असा, की फासे पडताना जो हरकत घेत नाही त्याला खेळ मान्य असतो. डाव जिंकून तो धन मागतो. देवता तरीही गप्पच. तेव्हा तो करवत उगारतो. देणे बुडवून दगडासारखा ताठ बसणाऱ्या जुगाऱ्याला जे शासन, तेच तुम्हांला, असे तो बजावतो. येथील विनोदाचे मर्म हे, की ज्यांना तो हे ऐकवतो त्या खरोखरच दगडाच्या आहेत. मातृका मुकाट्याने सोने देतात. दुसऱ्या दिवशी ते सारे हरून तो सायंकाळी पुन्हा हजर होतो.

या पेचातून चामुंडा मार्ग काढते, तोही सामर्थ्याने नव्हे. ‘मी या डावात नाही’ असे जो म्हणतो त्याच्यावर खेळाची सक्ती करता येत नाही, हा दुसरा संकेत ती मातृकांना शिकवते. पुढे प्रत्यक्ष महाकालही तेच उत्तर देऊन सुटका करून घेतो. देव जुगाऱ्याला भस्म करीत नाहीत, कारण या कथेत नियम देवांहून वरचढ आहे. मौन म्हणजे संमती, हा नियम दुर्बळाला जसा जाचतो तसाच देवतांनाही जाचतो. आणि स्पष्ट नकार उच्चारताच तो निष्प्रभ होतो.

डाव फसल्यावर ठिण्ठाकराल महाकालालाच शरण जातो. त्याच्या स्तुतीतला शिव हा पार्वतीशी खेळताना चंद्र, नंदी आणि गजचर्मही हरलेला जुगारी आहे. हरणारा हरलेल्याला ओळखतो, आणि देव प्रसन्न होतो. शिवपार्वतींच्या या द्यूताचे शिल्प वेरूळच्या 21व्या लेण्यात आजही पाहता येते.

या कथासागराचा उगमही एका हरलेल्या पैजेतच सांगितला आहे. प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सातवाहन राजाला संस्कृत शिकविण्यास सहा वर्षे लागतील, असे गुणाढ्य म्हणाला. शर्ववर्म्याने सहा महिन्यांची पैज घेतली आणि कार्तिकेयाच्या कृपेने ती जिंकली. पणाप्रमाणे गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषांचा त्याग केला. म्हणून ‘बृहत्कथा’ पैशाचीत उतरली.

ही कथा कर्नाटकातही लवकर पोहोचली. 6व्या शतकातील गंग राजा दुर्विनीत याने ‘वड्डकथा’ संस्कृतात आणल्याचा उल्लेख कोलार जिल्ह्यातील गुम्मारेड्डीपुरच्या ताम्रपटात आहे. बेंगळुरूचे नाव ज्यात आढळते तो बेगूरचा सुमारे 890चा शिलालेखही गंगकालीनच आहे.

याच नगरात 1990च्या दशकात एक अफवा पसरली. रात्री एक चेटकीण ओळखीच्या आवाजात हाक मारते, असे लोक सांगत. घरांच्या दारांवर कन्नडमध्ये ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, असे लिहिले गेले. ते वाचून ती परत जाते, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच वाचते, अशी समजूत होती. दोन्ही कथांमध्ये ऐतिहासिक दुवा जोडण्याचे कारण नाही. परंतु त्यांची घडण सारखी आहे. उज्जयिनीत देवता माणसाला शब्दाने थोपवतात, बेंगळुरूत माणसे चेटकिणीला. दोन्हीकडे प्रतिपक्ष कितीही प्रबळ वा निर्लज्ज असला, तरी संकेत मोडत नाही, हा विश्वास गृहीत आहे. जेथे शस्त्र आणि सत्ता हाती नसते, तेथे वेळेवर उच्चारलेला नकार हेच संरक्षण ठरते, हे या कथांचे सांगणे आहे.