किराण्याचा हिशेब पुडीवर नको, किलोवर करा

रोजंदारीच्या घरात किराणा रोजच्या रोज येतो. संध्याकाळी हातात पैसे पडले की दहाचे तेल, दहाची साखर, पाचची चहापत्ती. यात कुणाचा अडाणीपणा नाही. एकरकमी पैसेच हातात नसतात. पण यामुळे होते असे, की महिन्याचे सामान एकदम भरणाऱ्यापेक्षा वस्तीतला माणूस तीच साखर आणि तीच डाळ जास्त भावाने घेतो. महिनाअखेरीस पैसे कमी पडले की कात्री लागते डाळीला, अंड्यांना, पालेभाजीला. म्हणजे लेकरांच्या आणि घरातल्या बाईच्या ताटाला. म्हणून किराण्याचा हिशेब हा आम्ही आरोग्याचाच विषय मानतो.

आधी रेशन, मग दुकान

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबाला कार्डामागे ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. हा कुणाचा उपकार नाही, कायद्याने दिलेला हक्क आहे. घरात नवी सून आली, बाळ जन्मले, तर त्यांचे नाव कार्डावर चढवून घ्या. नाव नसेल तर त्यांच्या वाट्याचे धान्य येत नाही. ई-केवायसी राहिली असेल तर पूर्ण करा. कामासाठी मुंबई, पुणे किंवा सुरतेला गेलेल्यांना त्याच कार्डावर तिथल्या रेशन दुकानातही धान्य घेता येते. वजन समोर करून घ्या, मशीनची पावती मागा. माप कमी दिले तर १९६७ या क्रमांकावर तक्रार करता येते.

रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसले, तर ते 'प्लास्टिकचे' समजून निवडून फेकू नका. ते तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून बनवलेले दाणे असतात. घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा रुग्ण असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून घ्या.

पाकिटावरचा बारीक आकडा

पाकिटावर एम.आर.पी.जवळ आणखी एक किंमत छापलेली असते: एका ग्रॅमला किंवा एका किलोला किती पडते ती. दोन पाकिटांत स्वस्त कोणते, हे तिच्यावरून कळते. भाव ग्रॅमचा असेल तर त्याला १००० ने गुणा, किलोचा भाव निघेल. सुट्या मालालाही हेच करा. शेंगदाण्याची १० रुपयांची पुडी ५० ग्रॅमची भरली, तर किलोला २०० रुपये झाले. मग दुकानदाराला अर्ध्या किलोचा भाव विचारा. लहान पुडी दर वेळी महागच असते असेही नाही. शाम्पूची पुडी कित्येकदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. म्हणून अंदाज नको, हिशेब हवा. एम.आर.पी.पेक्षा जास्त पैसे मागितले तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

पाच रुपयांची गळती

वेफर्सच्या ५ रुपयांच्या पाकिटात समजा १२ ग्रॅम माल असेल, तर तो बटाटा आपण किलोला ४०० रुपयांच्या वर घेतला. दोन मुलांनी रोज दोन-दोन पाकिटे खाल्ली तर दिवसाला २० आणि महिन्याला ६०० रुपये जातात. अंडे ७ रुपयांना धरले तरी त्या पैशात ८५ अंडी येतात. पाकिटातून मीठ आणि तेल पोटात जाते, अंड्यातून अंगाला लागणारी प्रथिने. दुधात घालायच्या महाग पावडरींचेही तसेच. त्यांत साखर भरपूर असते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली विकू नका, असे सांगितले होते. त्याऐवजी घरचे नाचणी सत्त्व आणि शेंगदाणा-गुळाचा लाडू द्या.

यात काटकसर नको

तूरडाळ महागली तर डाळ बंद करू नका, डाळ बदला. मसूर, हरभरा, मटकी, हुलगे यांपैकी त्या आठवड्यात जे स्वस्त असेल ते घ्या. सोयाबीनच्या वड्यांत निम्मी प्रथिने असतात. मूठभर वड्यांत घराची भाजी होते. सुकट आणि बोंबील हे आपल्या आजीचे खाणे आजही पैशाच्या मानाने मोठे पौष्टिक आहे. मीठ जास्त असते म्हणून धुऊन वापरा. शेवग्याचा पाला, अंबाडी, माठ यांना कमी लेखू नका. सुटे तेल आणि सुटी हळद स्वस्त दिसली तरी त्यांत भेसळीचा धोका असतो. मीठ आयोडीनयुक्तच घ्या. तेलात बचत करायची तर वापर कमी करून करा. माणशी महिन्याला अर्धा लिटर पुरते.

दहा घरांचे एक पोते

एकट्या घराला पोते परवडत नाही आणि दहा बाय दहाच्या खोलीत ते ठेवायला जागाही नसते. दहा घरांना मात्र जमते. महिला मंडळाने किंवा बचत गटाने घरटी आठवड्याला ५० रुपये जमा केले तर महिन्याला २००० रुपये होतात. त्यात डाळ, साखर, शेंगदाणे घाऊक बाजारातून आणता येतात. जानेवारी ते मार्च नवी तूर बाजारात येते, एप्रिल-मेमध्ये उन्हाळी कांदा. खरेदी तेव्हा करावी. माल त्याच दिवशी विहारात सगळ्यांसमोर तोलून वाटावा, म्हणजे उंदीर, ओल आणि संशय तिन्ही टळतात. जमा-खर्च वहीत लिहावा आणि सर्वांना वाचून दाखवावा. पहिल्या महिन्याला एकच वस्तू घ्या, डाळ. जमले की दुसरी.

दुकानदाराची उधारी असेल तर आपल्याही घरात वही ठेवा आणि रोजचा आकडा लिहा. शाळेत जाणाऱ्या मुलीला हे काम द्या. घरात काय येते आणि पैसा कुठे जातो, हे महिनाभरात सर्वांना दिसेल. आणि जो पैसा वाचेल, त्याची पहिली खरेदी डाळ-अंड्यांची असू द्या.