गुहागरच्या वाळूत ओडिशाचा टॅग

जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या ऑलिव्ह रिडले कासवाच्या एका मादीच्या पुढच्या पायावर धातूचा टॅग सापडला. क्रमांक ०३२३३. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाने तो मार्च २०२१ मध्ये ओडिशात लावला होता. श्रीलंकेला वळसा घालून आली असेल, तर सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास!

पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवं वेगळी, या समजाला त्यामुळे धक्का बसला. पण मादी जन्मकिनाऱ्यावरच परतते हा सिद्धांत लगेच मोडीत काढायची घाई नको. ती जन्मली कुठे, हे टॅग सांगत नाही. कुठे हाती लागली होती, एवढंच सांगतो.

जन्माचा माग लागतो मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएमुळे. आजीच्या पाटल्या आईकडे आणि आईकडून लेकीकडे जाव्यात, तसा तो फक्त मातृवंशाने उतरतो. त्याची ताकद १९८९ मध्ये दिसली. ब्राझीलच्या किनाऱ्यावर चरणारी हिरवी कासवं दोन हजार किलोमीटरवरच्या चिमुकल्या असेन्शन बेटावर वीण का करतात? संशोधक आर्ची कार आणि पॅट्रिक कोलमन यांनी १९७४ मध्ये उत्तर दिलं होतं: समुद्रतळ पसरत गेला, किनारा आणि बेटं यांतलं अंतर कोट्यवधी वर्षांत इंचाइंचानं वाढलं आणि कासवं पिढ्यान्‌पिढ्या थोडं थोडं जास्त पोहत राहिली. काय देखणी कल्पना! ब्रायन बोवेन आणि सहकाऱ्यांनी डीएनए तपासला, तर एवढ्या जुन्या ताटातुटीची खूणच नव्हती. जन्मकिनाऱ्यावर परतण्याला मात्र त्याच अभ्यासाने बळ दिलं. कार १९८७ मध्येच गेले होते. त्यांची कल्पना टिकली नाही, पण ती तपासता येईल इतकी नेमकी होती, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

भारतात कार्तिक शंकर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००४ मध्ये आला. ओडिशात झुंडीने येणाऱ्या आणि पूर्व किनाऱ्यावर एकेकट्या वीण करणाऱ्या रिडले माद्यांत त्यांना जनुकीय फरक आढळला नाही. शिवाय, जगभरच्या रिडलेंमध्ये भारतीय वंशरेषा सर्वांत जुन्या असल्याचं दिसलं.

एका पिढीत मोजक्या माद्यांनी किनारा बदलला, तरी दोन वस्त्यांमधला जनुकीय फरक पुसट राहतो. पण एखाद्या किनाऱ्यावरची कासवं संपली, तर ती जागा भरून काढायला इतक्या पाहुण्या पुरत नाहीत. म्हणून कोकणातल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकऱ्यांनी राखलेल्या घरट्यांचं मोल ओडिशातल्या लाखोंच्या गर्दीमुळे कमी होत नाही. आणि कोकणात येणारी मादी बंगालच्या उपसागरातही फिरत असेल, तर तिथल्या ट्रॉलरच्या जाळ्यांतून कासवांना बाहेर पडायला वाट ठेवणं हे कोकणाच्याही हिताचं आहे. टॅगच्या जोडीला कोकणातल्या हॅचरींमधून, न जगलेल्या पिल्लांचे का होईना, डीएनए नमुने दर हंगामात जमा व्हायला हवेत.